कौलाआधी उतरवलेलं इंजिन

धाकट्या भावाच्या नव्या पिकअपचा हॉर्न मला लांबून ओळखू येतो. वळणावर तो दोनदा वाजतो, एकदा आखूड आणि एकदा जरा लांब, आणि दुसऱ्यांदा वाजला की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नाही. मी ते लपवायच्या भानगडीतही पडलो नाही, कारण आमची वाडी पन्नासेक घरांची, आणि कुणाच्या पोटात काय दुखतंय हे इथे दुखणाऱ्याच्या आधी शेजाऱ्याला कळतं.

आमची वाडी रामनगरच्या अलीकडे, जंगलाला लागून आहे. आम्ही मूळचे इथले नव्हेत. सुप्याच्या धरणात जी गावं गेली त्यांतलं एक आमचं. मी तेव्हा पहिलीत की दुसरीत होतो. लॉरीतून भांडी आली, भाताची पोती आली, गुरं आली, माणसं आली आणि सगळ्यांत शेवटच्या लॉरीतून देव आला. तो वडिलांच्या मांडीवर होता. वडील ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि सबंध रस्ताभर त्यांनी देवावरचा हात काढला नाही, असं आई सांगायची. तेव्हापासून देवाला गाडीतून न्यायचा मान आमच्या घराकडे आला.

आणि आमचा देव दरवर्षी गाडीतून जातो. वैशाखात धरणाचं पाणी खाली गेलं की त्याला पालखीसकट काठावर नेतात. तिथून जुन्या गावाच्या जागेवरची वाळलेली झाडं पाण्याबाहेर आलेली दिसतात. त्यांतल्या एका आंब्याच्या खोडापाशी देऊळ होतं. गुरव देवाचं तोंड तिकडे करतो, सगळे थोडा वेळ गप्प उभे राहतात, मग नारळ फुटतो आणि आम्ही परत येतो. आधी भाड्याची लॉरी असायची. नंतर सोळा वर्षं माझी पिकअप. मागे हौद्यात पालखी, पालखीशेजारी गुरव, आणि देवाच्या डोक्यावर अब्दागीर धरून धाकटा. अब्दागीर आमच्याच घरातल्या पुरुषानं धरायचं असतं. मी पुढे स्टिअरिंगवर. मागे कोण कसं उभं आहे हे मी कधी वळून बघितलं नाही. गाडी पुढे बघून चालवायची असते.

धाकट्याला गाडी मीच शिकवली, त्याच पिकअपवर. क्लच सोडताना त्याचा पाय थरथरायचा आणि मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारायचो. हात बसल्यावर एका वर्षी, देव हौद्यात चढल्यावर, तो माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "अण्णा, एकदा मी चालवू?"

"आन् अब्दागीर कोण धरणार? तुजा बाप?" मी म्हणालो. त्याचा बाप तो माझाही बाप, आणि त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. लोक हसले. धाकटाही हसला आणि मागे चढला. परत त्यानं कधी विचारलं नाही.

पुढे त्याचं लग्न झालं, एका चुलीच्या दोन चुली झाल्या. भांडण काही नाही. तो कुळगीच्या बाजूला पर्यटकांना जंगल दाखवणाऱ्या जीपवर ड्रायव्हर झाला. दिवसा गवे दाखवायचे, संध्याकाळी घरी यायचं. आणि गेल्या दिवाळीला तो स्वतःची नवी कोरी पांढरी पिकअप घेऊन आला. सीटवरचं प्लॅस्टिक तसंच होतं. पहिला पेढा त्यानं माझ्या हातावर ठेवला आणि वाकून पाया पडला. मी पेढा खाल्ला, गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर टिचकी मारली आणि म्हणालो, "पत्रा पातळ हाय." एवढंच मला सुचलं.

तोवर माझी गाडी ऑइल प्यायला लागली होती. सकाळी सुरू केली की अंगणात निळा धूर व्हायचा आणि बायको वाळवण उचलून आत पळायची. भरलेली गाडी चढाला लागली की पहिल्या गिअरखेरीज हलायची नाही. रामनगरच्या मेस्त्रीनं चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढलं, भोकावर तळवा धरला आणि मला म्हणाला, "तुमी धरून बगा." मी धरला. आतून गरम वारा फुक-फुक करत तळव्यावर आपटत होता.

"रिंगा गेल्या, लायनर गेलं. कॉम्प्रेशनच न्हाई बगा," मेस्त्री म्हणाला. "बॉडी ठणठणीत हाय. चासीला गंज न्हाई. पर आत जीव न्हाई."

त्यानं तीन वाटा सांगितल्या. नुसत्या रिंगा बदलल्या तर एखादा पावसाळा निघेल. बेळगावात मागून ठोकरलेली एक पिकअप मोडीत आली होती, तिचं इंजिन चांगलं होतं, ते आणून बसवलं तर पाच-सहा वर्षांना मरण नाही. नाहीतर गाडी आहे तशी मोडीत द्यायची. मी म्हणालो, बघू. वर्षभर मी बघूच म्हणत होतो. जुन्या गाडीत नवं इंजिन घालायचं म्हणजे त्यामागोमाग गिअरबॉक्स कुरकुरतो, गिअरबॉक्स झाला की क्लच रुसतो, हे काय मला कळत नव्हतं? शहाण्या माणसानं गाडी विकली असती.

पण दिवाळीनंतर शहाणपण माझ्याकडे फिरकलं नाही. वाडीत 'गाडी हाय काय' म्हणून कुणी विचारलं की ते आता धाकट्याच्या गाडीबद्दल असायचं. भात गिरणीला न्यायचं, त्याची गाडी. फणस बेळगावला जायचे, त्याची गाडी. कुणाला दांडेलीच्या दवाखान्यात न्यायचं, त्याचीच. माझ्याकडे शेणखत आणि वाळू तेवढी राहिली. मी अंगणात बसून त्याच्या फेऱ्या ऐकायचो. रिकामी गेली, भरून आली, हे मला आवाजावरून कळायचं, आणि भरून आली की माझा चहा कडू व्हायचा.

एकदा गुंदच्या रस्त्याला फणसाची फांदी लागून त्याच्या गाडीच्या दाराला चांगला हातभर चरा पडला. त्या दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

"आज भूक बरी लागली तुमास्नी," बायको म्हणाली.

"काम लई झालं सकाळपासनं."

"व्हय. भावजींच्या गाडीला चरा पडलाय न्हवं," ती म्हणाली आणि तिसरी भाकरी ताटात टाकली. मी तीही खाल्ली.

वैशाखाची पालखी जवळ आली तसं माझं जेवण कमी झालं. कुणी काही बोलत नव्हतं, पण मला दिसत होतं. देवळाच्या कट्ट्यावर बसलेले लोक आधी धाकट्याच्या गाडीकडे बघायचे, मग माझ्या, मग जमिनीकडे. देव नेण्याचा मान घराचा होता, माझा एकट्याचा नव्हता. आणि घरात आता दोन गाड्या होत्या, एक पांढरीशुभ्र आणि एक धूर ओकणारी. मान माझ्या हातून निघाला की माझ्याजवळ काय राहतं? शेणखत राहतं.

शेवटी सगळं त्या एका चढावर झालं. मी वाळू भरून येत होतो. पहिला गिअर, पाय पूर्ण दाबलेला, गाडी माणसाच्या चालीनं चढत होती. मागून तो हॉर्न आला, एकदा आखूड, एकदा लांब. धाकट्याच्या गाडीत एका लग्नाचं सामान आणि नवरीकडच्या बायका होत्या. तो बाजूनं निघून गेला, आणि गेला तर गेला, वर जाऊन थांबला. उतरून माझ्याकडे चालत आला. त्याच्या हातात दोर होता.

"अण्णा, दोर लावू काय? वर काढतो."

हौद्यातल्या बायका वाकून बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला होता. धुरासाठी लावला असेल, पण मला तो हसण्यासाठी वाटला.

"तुजं तू बग," मी म्हणालो.

वाळू उतरवली आणि तसाच रामनगरला मेस्त्रीकडे गेलो. "ते बेळगावचं इंजिन हाय अजून?" तो म्हणाला, हाय. मी म्हणालो, "आणा. आन् हे आत्ताच्या आत्ता काढा." मेस्त्रीला वाटलं मी चहा घेईन, विचार करीन. मी चहा घेतला नाही. संध्याकाळपर्यंत साखळीला लटकून माझं इंजिन वर आलं आणि गोणपाटावर जाऊन बसलं. पुढचा भार गेल्यामुळे गाडीनं नाक वर केलं होतं. मला ते बरं वाटलं. तो शनिवार होता.

घरी आल्यावर बायकोनं पहिलाच प्रश्न विचारला. "देवाला इचारलं?"

मी खाटेवर बसलो तो बसलोच. आमच्यात विहीर खणायची, बैल विकायचा, मुलगी द्यायची, काहीही असो, आधी कौल लावतात. आणि ही तर देवाला नेणारी गाडी. तिचा टायर बदलताना मी देवळाकडे बघून हात जोडायचो, आणि इंजिन काढताना मला देव आठवला नाही. आठवला होता फक्त दोर.

"सोमवारी लावतो कौल," मी म्हणालो. "देव काय न्हाई म्हणणार हाय?"

"मग इचारता कशाला?" बायको म्हणाली.

सोमवारी सकाळी देवळात गेलो. गुरव म्हातारा आहे. देव लॉरीतून आला तेव्हा त्याच लॉरीच्या मागच्या भागात तो तरुण पोरगा म्हणून उभा होता. इंजिन काढून ठेवलंय हे मी त्याला सांगितलं नाही. कौल उजवा पडला की झालं, कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण गुरवानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "तम्माला, धाकट्याला बलाव. घरची गाडी, घरचा कौल. एकट्याला लागत न्हाई."

हे मी विसरलो होतो. चूल वेगळी झाली तरी कौलाला भाऊ लागतो. निरोप गेला आणि धाकटा आला. दारात गाडी असताना चालत आला. मला खिजवायलाच चालत आला असं मला वाटलं. कट्ट्यावरची चार माणसंही मागोमाग येऊन उभी राहिली.

गुरवानं फुलाच्या पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. मग त्यानं मला विचारलं, कशापायी? कारण मागणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं, मग गुरव ते देवाच्या कानावर घालतो.

"गावाची सोय व्हावी म्हणून," मी म्हणालो.

"देवा म्हाराजा," गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं, "ह्यो तुजा ल्योक गाडीचं इंजिन बदलायचं म्हणतोय. गावाची सोय व्हावी म्हणून म्हणतोय. तुजं काय म्हणणं हाय त्ये सांग."

"व्हय देवा," मागची माणसं म्हणाली.

पाकळ्या हलल्या नाहीत. आम्ही उभे. समईची वात सरळ जळत होती. बराच वेळ गेला, पाकळ्यांवरचं पाणी वाळायला आलं.

"आनखी काय कारण हाय?" गुरव म्हणाला.

"गाडी धूर सोडती. मागं देवाला धूर लागतो."

हे ऐकून धाकट्यानं मान खाली घातली. गुरवानं पाकळ्या परत भिजवल्या, परत गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या देवाला चिकटून बसल्या. माझ्या मानेवरून घाम उतरत होता.

गुरव माझ्याकडे वळला. "ताकाला येऊन भांडं लपवतोयस. धूर काय आज सुटायला लागला? चार वर्सं झाली. देव काय मेस्त्री न्हाई, त्याला रिंगा-पिस्टन सांगतोयस. तुला कशापायी पायजे त्ये सांग."

माझा स्वभाव तापट आहे, आणि तापलो की मी खरं बोलतो. एरवी बेतानं बोलतो.

"ह्याची गाडी पुढं जाते आन् मला बगवत न्हाई," मी म्हणालो. "झालं? देव न्यायचा मान ह्याच्या गाडीला जाईल म्हणून पायजे इंजिन. त्या चढावर बायकांसमोर ह्यानं मला दोर दाखवला, म्हणून पायजे. मी ह्याला क्लच शिकवला आन् ह्यो मला दोर दाखवतोय."

कुणी 'व्हय देवा' म्हटलं नाही. गुरवानं ते गाऱ्हाण्यात घातलंही नसेल तोवर डावी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"नको म्हणतोय," गुरव म्हणाला. "देव पाण्यावर जाईस्तोवर ह्यो कौल परत लावायचा न्हाई."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण पालखी आठ दिवसांवर होती, आणि आज ना उद्या कुणीतरी रामनगरला जाऊन नाक वर केलेली गाडी बघून येणारच होतं.

"इंजिन काढून ठेवलंय," मी म्हणालो.

"कवा?"

"शनवारी."

"आन् इचारायला सोमवारी आलास." गुरवानं पडलेली पाकळी उचलून माझ्या हातात ठेवली. मागून कुणीतरी 'वरातीमागनं घोडं' असं पुटपुटलं आणि दोघं-तिघं खाकरले. देवळात मोठ्यानं हसत नाहीत म्हणून खाकरले.

बाहेर आल्यावर धाकटा माझ्या चपलांपाशी थांबला होता. "अण्णा, मी दोर खिजवायला न्हवता आणला," तो म्हणाला.

"ठाऊक हाय," मी म्हणालो. ते मला चढावरच ठाऊक होतं. खिजवायला आणला असता तर मला एवढं लागलं नसतं.

मेस्त्रीचा एक दिवसाआड फोन यायचा. बेळगावचं इंजिन येऊन पडलंय, दुसरं गिऱ्हाईक फिरतंय, बसवू की देऊ? मी म्हणायचो, जरा ठेवा. देवानं नको म्हटलेलं बसवता येत नव्हतं आणि जुन्याचा आता उपयोग नव्हता. गाडी तशीच मोडीत द्यावी असंही दोनदा मनात आलं. एकदा मी तिला बघून आलो. बोनेटखालच्या मोकळ्या जागेत मेस्त्रीच्या पोरांनी डबे ठेवले होते.

पालखीच्या सकाळी तो हॉर्न माझ्या दारात वाजला. धाकट्यानं गाडी धुतली होती, बोनेटला झेंडूची माळ होती, चऱ्यावर रंग लावला होता. तो उतरला आणि त्यानं किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू चालव, अण्णा. देवाला तुज्या हाताची सवय हाय."

खरं सांगायचं तर माझा हात पुढे निघाला होता. त्या गाडीत बसायची मला दिवाळीपासून इच्छा होती. स्टिअरिंग हलकं लागतं म्हणतात, ते किती हलकं हे बघायचं होतं. पण हात मी परत घेतला. "गाडी तुजी, तूच चालव," मी म्हणालो, आणि म्हणताना मी मोठेपणा करतोय असा आव आणला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मग अब्दागीर कोण धरणार. घरातला दुसरा पुरुष मीच होतो.

देवळापाशी गर्दी झाली. यंदा घरच्या दोन गाड्या असणार असं धरून जास्तीची माणसं निघाली होती. माझी चुलती नवं लुगडं नेसून आली होती. ती त्या जुन्या गावात नवरी म्हणून आलेली, आता उभं राहवत नाही. दरवर्षी ती माझ्या शेजारच्या सीटवर बसून यायची. आज धाकट्याच्या केबिनमध्ये आधीच दोन म्हातारे बसले होते आणि हौदा भरला होता.

"ऱ्हाऊ दे," चुलती म्हणाली. "फुडच्या वर्सी यीन." आणि देवळाच्या पायरीवर बसली. माझी बायको तिच्याजवळ बसली. "दोन गाड्या घरात आन् आमी पायरीवर," ती म्हणाली. मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली.

गाडी निघाली. मी पालखीमागे अब्दागीर धरून उभा होतो. मला वाटायचं हे काम म्हणजे छत्री धरण्यासारखं असेल. फाट्याच्या पुढे वारा लागला तसं ते अब्दागीर माझे दोन्ही खांदे ओढायला लागलं. मागे झुकलं की पालखीला लागतं, पुढे झुकलं की गुरवाच्या डोक्याला. धरायला काही नाही, पाय फाकून उभं राहायचं. आणि जंगलाचा रस्ता लागला की फांद्या. फांदी आली की पटकन खाली घ्यायचं, गेली की परत देवाच्या डोक्यावर. अर्ध्या तासात माझे दंड भरून आले.

धाकटा मात्र बैलगाडीसारखा चालवत होता. मोकळा रस्ता, नवी गाडी, आणि दर थोड्या वेळानं ती मंद व्हायची. मला ते बरंच वाटलं, बोलायला काहीतरी मिळालं.

"दाराला परत चरा पडंल म्हणून भितोय जणू," मी गुरवाला म्हणालो.

गुरव पालखीचा दांडा धरून बसला होता. त्यानं माझ्याकडे वर बघितलं. "फांदी आली की हळू करतोय. गाडीसाठी न्हाई, तुज्यासाठी."

मी अब्दागीर सरळ केलं.

"ह्यो हितं उभा असायचा तवा तू कवा हळू केलास?" गुरव म्हणाला. "एका वर्सी कानापाशी फांदी लागली, रगत आलं. तुला न्हाई सांगितलं त्यानं. आन् तुज्या धुरानं सबंध वाट खोकत यायचा."

पुढची फांदी आली. गाडी हळू झाली. केबिनच्या मागच्या काचेतून मला धाकट्याची मान दिसत होती, कॉलरच्या वर उन्हानं काळी पडलेली. हौद्यातून ड्रायव्हरचं तेवढंच दिसतं. सोळा वर्षं त्यानं माझी मान बघितली होती, आणि मला त्याच्या कानामागची खूण कधी दिसली नव्हती. आता बघितली. बोटाच्या पेराएवढी, पांढरट. मला स्वतःचा राग आला, आणि तरी, काय सांगू, ती गाडी चढाला लागून तिसऱ्या गिअरमध्ये सुरकन वर गेली तेव्हा पोटात दुखलंच.

पाणी बरंच खाली गेलं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि पलीकडे ती काळी खोडं उभी होती. गुरवानं देवाचं तोंड तिकडे केलं. माणसं गप्प झाली. वडील गेल्यापासून मी इथे दरवर्षी आलो, पण दरवर्षी मी गाडी कुठे वळवायची, चाक चिखलात जाईल का, हे बघत असायचो. आज माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून मी खोडं बघितली. ती किती आहेत हे मला आजवर माहीत नव्हतं. तिकडे देवळाच्या पायरीवर बसलेली चुलती त्यांतलं कुठलं झाड कुणाच्या दारातलं हे दरवर्षी सांगत असे, आणि मी ऐकत नसे.

नारळ फुटल्यावर गुरव माझ्याजवळ आला. "देवानं आपली जागा बगितली. कौल लावायचा असंल तर आता चालतंय."

"कारण काय सांगू?"

"असंल त्ये."

धाकटा दोन पावलांवर उभा होता. गुरवानं काठाच्या पाण्यात पाकळ्या भिजवल्या आणि लावल्या.

"काकू पायरीवर बसलीया," मी म्हणालो. "फुडच्या वर्सी म्हणती. तिला आनायला गाडी पायजे. ह्याची गाडी देवाला घेऊन पुढं जाऊ दे. माजी मागनं यील, म्हाताऱ्यांना घेऊन. त्यासाठी पायजे इंजिन."

गुरव गाऱ्हाणं घालायला लागला आणि थांबला. "ह्ये समदं खरं हाय?"

मी धाकट्याकडे बघितलं. तो अब्दागिराच्या झालरीत अडकलेली पानं काढत होता.

"निम्मं खरं हाय," मी म्हणालो. "निम्मं अजून पोटात दुखतंय. मान सोडवत न्हाई. गाडी बगवत न्हाई."

"आता पुरं सांगितलंस," गुरव म्हणाला आणि जसंच्या तसं देवाच्या कानावर घातलं, पोटदुखीसकट. या खेपेला पहिला 'व्हय देवा' धाकटा म्हणाला. उजवी पाकळी जरा सरकली, थांबली, आणि पडली.

परतताना मी परत हौद्यात चढलो. रामनगरचा टॉवर जवळ आला तसा खिशातला फोन वाजला. एका हातानं अब्दागीर सांभाळत मी फोन कानाला लावला. मेस्त्री होता.

"मालक, आज काय त्ये सांगून टाका. बसवू का देऊ?"

"बसवा," मी म्हणालो.

"ट्रायलला कवा येताय मग?"

समोर फांदी येत होती. गाडी हळू झाली, आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून धाकट्याचा हात बाहेर आला, तळवा खाली करून दोनदा हलला. खाली घे, अण्णा. मी अब्दागीर खाली घेतलं. फांदी डोक्यावरून गेली.

"मी न्हाई," मी फोनवर म्हणालो. "भाऊ यील. पयली फेरी त्यो मारंल."

फोन ठेवला आणि लगेच पोटात दुखायला लागलं, कारण इंजिन खरंच चांगलं निघालं तर त्याचा पहिला आवाज तो ऐकणार होता.